परत न येणारा फॉर्म

एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, फॉर्म भरून देणारा एक माणूस होता. नाव भागवत तांदळे. पण भागवत म्हणून हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्याला सर म्हणत. कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला आपल्याकडे सर म्हणायची पद्धतच आहे, मग त्याने आयुष्यात एक तासही शिकवलेला नसो.

भागवतच्या दुकानात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि पोरांना बसायला एक लांब बाकडं होतं. आधार, रेशनकार्ड, नोकरीचे अर्ज, सगळं तिथे व्हायचं. पण खरी झुंबड उडायची ती शिष्यवृत्तीच्या दिवसांत. कॉलेजं सुरू झाली की आजूबाजूच्या खेड्यांतली पोरंपोरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन यायची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीचं गुणपत्रक, बँकेचं पासबुक, कॉलेजची पावती. एक कागद कमी पडला की रडकुंडीला यायची.

भागवत हुशार होता, हे मान्य करायलाच हवं. सरकारचं संकेतस्थळ सकाळी कधी चालतं आणि दुपारी कधी बसतं हे त्याला पाठ होतं. फोटो किती लहान करायचा, दाखल्याचा नंबर कुठल्या कोपऱ्यात असतो, सगळं हातात बसलेलं. दुकानाच्या दारावर त्याने एक पाटी रंगवून घेतली होती. लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे भरलेला फॉर्म परत येत नाही.' ती पाटी वाचून लोक आधीची दोन दुकानं ओलांडून त्याच्याकडे येत. आणि सात वर्षांत त्याचा एकही फॉर्म परत आला नव्हता. निदान तो तसं सांगायचा.

त्याची एक रीत होती. फॉर्म भरताना मोबाइल नंबर मागतात, त्यावर ओटीपी येतो, आणि तो लगेच टाकावा लागतो. आता खेड्यातल्या घरात फोन एकच. तोही कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात, आणि पुष्कळदा रिचार्ज संपलेला. पोरगी दुकानातून घरी फोन लावणार, आई विचारणार 'कसला आकडा गं?', आणि तोवर ओटीपीची वेळ संपलेली. मागे बाकड्यावर दहा जण ताटकळलेले. तेव्हा भागवतने सोपं केलं. टेबलावर चार जुने फोन मांडून ठेवले, आणि प्रत्येक पोराच्या फॉर्मवर त्यातलाच एखादा आपला नंबर टाकू लागला. पासवर्डही सगळ्यांना एकच, त्याच्या ध्यानात राहील असा. पोरं खूश, कारण पाच मिनिटांत काम. त्यात वाईट हेतू काही नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. सुरुवातीला तरी नव्हता.

पण याचा अर्थ एक होता, आणि तो कुणी मनावर घेतला नाही. सरकारला त्या पोरांशी जे काही बोलायचं असेल, ते आता भागवतच्या टेबलावर येणार होतं.

दुकानाच्या पायरीवर रोज सकाळी रामलिंगअप्पा येऊन बसत. ते पोस्टमन होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. भागवतकडे पेपर यायचा, तो फुकटात वाचायला मिळायचा, म्हणून येत. फोन वाजला की पेपरातून मान वर करून विचारत, "कुणाचं आलं?" जुनी सवय. भागवत हसून म्हणे, "अप्पा, आता पत्रं नसतात. मेसेज असतात." अप्पा म्हणत, "असेना. कुणाचं तरी असेलच की." आणि पुन्हा पेपरात डोकं घालत.

एके वर्षी जुलैत शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला शिवकन्या गायसमुद्रे आली. टाकळवाडीची. तिची आई मथुराबाई गावच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायची. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. ताप हटेना म्हणून त्यांचं रक्त तपासायला जिल्ह्याला पाठवलं होतं. तालुक्याला तपासणारं कुणी नव्हतं. पाऊस, रस्ता बंद, गाडी अडकली, आणि रिपोर्ट चार दिवसांनी आला. रिपोर्ट हातात पडला तेव्हा घरात माणूस राहिला नव्हता. त्या वेळी शिवकन्या बारा वर्षांची होती. तिने तेव्हाच ठरवून टाकलं की आपण रक्त तपासायला शिकायचं आणि तालुक्यालाच लॅब टाकायची. बारावीला चांगले मार्क मिळवून तिने जिल्ह्याच्या कॉलेजात लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला प्रवेशही मिळवला. रोज पहाटेची एसटी धरायची आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचं.

कॉलेजने प्रवेश देताना एकच अट सांगितली होती. तुझी फी सरकार भरणार आहे. परीक्षेआधी शिष्यवृत्ती मंजूर झाली पाहिजे, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. म्हणजे त्या पोरीचं सगळं या एका फॉर्मवर टांगलेलं होतं.

भागवतने कागद तपासले. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा होता.

"सर, नवीन दाखला तहसीलमधून पुढच्या आठवड्यात मिळणार आहे," शिवकन्या म्हणाली. "तेव्हा येऊ का मी?"

"कशाला खेटे घालतेस? जुना आहे ना, तोच लावू. तारीख कोण बघत बसतंय."

ती जरा घुटमळली. "परत नाही ना येणार?"

भागवतने खुर्चीतूनच दाराकडे बोट केलं. "पाटी वाचलीस ना?"

तिने पाटी वाचली होती. बाकड्यावरची पोरं हसली, तीही हसली, आणि फॉर्म गेला. नंबर भागवतचा, पासवर्ड भागवतचा. तिला मिळाली फक्त एक छापील पावती. ती तिने घडी करून पासबुकात ठेवली.

पाच महिने गेले. शिवकन्या रोज संध्याकाळी दुकानावरून जायची. स्टँडवरून गावाकडच्या जीपकडे जायला तीच गल्ली होती. जाताना विचारायची, "सर, काही आलं का?" भागवत मान हलवायचा. ती पुढे जायची.

डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी टेबलावरचा तिसरा फोन वाजला. भागवतने उचलून वाचलं. शिवकन्या गायसमुद्रे हिचा अर्ज त्रुटीमुळे परत पाठवण्यात येत आहे. चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि पालकांच्या सहीचं हमीपत्र जोडून अकरा दिवसांत पुन्हा सादर करावा. अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल.

पायरीवरून अप्पांनी विचारलं, "कुणाचं आलं?"

बाकड्यावर सात-आठ पोरं बसली होती. दोघांचे बाप सोबत होते. दारावर लाल अक्षरांची पाटी होती.

"कंपनीचा आहे, अप्पा. रिचार्जचा," तो म्हणाला.

आता काम किती होतं ते बघा. संध्याकाळी पोरगी दारावरून जाणारच होती. तिला थांबवायचं, सांगायचं, की बाई, माझी चूक झाली, मीच जुना दाखला लावला होता, नवीन तू आणून दिलाच आहेस, या कागदावर तेवढी आईची सही आण. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत सगळं झालं असतं. नुकसान एवढंच झालं असतं की बाकड्यावरच्या चार पोरांना कळलं असतं, इथला फॉर्मसुद्धा परत येतो. पण माणसाला स्वतःच रंगवलेल्या पाटीची भीती वाटायला लागली की त्याचं काही खरं नाही.

संध्याकाळी शिवकन्या आली. "सर, काही आलं का?"

दुकानात गर्दी होती. "येईल, येईल," भागवत म्हणाला. "सरकारचं काम आहे ते. तुझं-माझं थोडंच आहे?"

ती गेली. भागवतने मनाशी म्हटलं, उद्या सांगू. एकटी सापडली की सांगू.

बुधवारी ती मैत्रिणीसोबत होती. गुरुवारी बाकड्यावर सरपंचांचे भाऊ बसलेले होते. शुक्रवारी ती एकटी होती, दुकानही रिकामं होतं, आणि भागवत झेरॉक्सच्या मशीनमागे वाकून कागदाचा गठ्ठा शोधत राहिला, ती पुढे जाईपर्यंत. गठ्ठा समोरच होता.

शनिवारी दुपारी मथुराबाई स्वतः आली. तालुक्याला तेल-मीठ न्यायला आली होती. पिशवीतून तिने शेवग्याच्या शेंगांची जुडी काढून टेबलावर ठेवली.

"घरच्या झाडाच्या हायेत, भाऊ. तुमच्या घरी द्या."

"मावशी, कशाला उगीच."

"असू द्या की. तुम्ही पोरीचं एवढं बघताय." तिने पदराने तोंड पुसलं. मग जरा लाजत म्हणाली, "आनी कुठं सही लागली तर सांगा बरं का. पैलं मी अंगठा लावत हुते. आता सही येती मला. पोरीनं शिकवली. पार खिचडीच्या रजिष्टरवर बी मी सहीच करते."

टेबलाच्या खणात हमीपत्राचा कोरा कागद होता. भागवतने तो मंगळवारीच छापून ठेवला होता. पालकाची सही, असं खाली लिहिलेलं आणि त्यापुढे रिकामी ओळ. ती बाई समोर उभी होती, सही करायला आपण होऊन तयार. हात खणापर्यंत गेलासुद्धा. पण कागद पुढे केला असता तर तिने विचारलं असतं, हे कशापायी? आणि मग सांगावं लागलं असतं.

"लागली तर सांगतो, मावशी," भागवत म्हणाला, आणि खण आत ढकलून दिला.

शेंगा त्याने घरी नेल्या. बायकोने आमटी केली. तो जेवला. तुम्हाला वाटेल की घास घशाखाली उतरला नसेल. उतरला. माणसाचं हेच तर वाईट आहे, की त्याचं जेवण-खाण नीट चालू राहतं.

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी संध्याकाळी सहाला मुदत संपणार होती. त्या दिवशी मात्र भागवत सकाळी आठलाच दुकानात आला. आता सांगायलाही वेळ उरला नव्हता, पोरगी पहाटेच्या एसटीने निघून गेलेली. मग त्याने एक गोष्ट केली, जी त्याने सात वर्षांत कधी केली नव्हती. हमीपत्र काढलं, पेन डाव्या हातात धरलं, आणि नवशिक्या माणसासारखी वेडीवाकडी सही केली, मथुराबाई गायसमुद्रे. नवीन दाखलाही त्याच्याकडे होता. शिवकन्याने तो मिळाल्या मिळाल्या आणून दाखवला होता, 'असू द्या सर, लागला तर,' म्हणून झेरॉक्स ठेवून गेली होती. त्याने दोन्ही कागद स्कॅन केले आणि संकेतस्थळ उघडलं.

उघडेना. शेवटचा दिवस, सगळ्या राज्यातली पोरं त्याच एका दारात लोटलेली. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. भागवतने दहाला बघितलं, अकराला बघितलं, दुपारी जेवण न करता बघितलं. चारला पान उघडलं, पासवर्ड टाकला आणि पुन्हा पांढरं झालं. पावणेसहाला कागद चढवायचं बटण दिसलं. त्याने दाबलं. चक्र फिरायला लागलं. सहा वाजून दोन मिनिटांनी ओळ उमटली, 'मुदत संपली आहे.'

बाहेरून शिवकन्या गेली. "सर, काही आलं का?"

"नाही आलं," भागवत म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने तिच्याकडे बघून सांगितलं, आणि तेच सगळ्यात मोठं खोटं होतं.

पुढचं सांगायला फार नाही. फेब्रुवारीत कॉलेजने परीक्षेच्या फॉर्मची यादी लावली, त्यात शिवकन्याचं नाव नव्हतं. खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "तुझी शिष्यवृत्ती मंजूर नाही. ज्यानं फॉर्म भरला त्याला विचार." ती तशीच एसटी धरून भागवतकडे आली. यादीत नाव नाही, हे तिने दारातूनच सांगितलं.

भागवतने उत्तर तयार ठेवलं होतं. "वरूनच पैसे आले नाहीत, शिवकन्या. यंदा पुष्कळांचं असंच झालंय. सरकारला काय पडलंय गरिबाचं?"

बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला शंका आली नाही. सरकारच्या नावावर काहीही खपतं, कारण सरकार काही दुकानात येऊन उलट बोलत नाही. शिवकन्याने विचारलं, "आपण काहीच करू शकत नाही का, सर?" भागवत म्हणाला, "मी बघतो." त्याने काहीच बघितलं नाही.

मथुराबाई कॉलेजात जाऊन साहेबांच्या पाया पडून आली. त्यांनी नियम दाखवला. परीक्षा झाली, शिवकन्या तिला बसली नाही. वर्ष बुडालं, आणि वर्षासोबत जागाही गेली. त्या जागेवर दुसऱ्या गावची मुलगी आली. शिवकन्या टाकळवाडीच्या शाळेत आईच्या जोडीला खिचडी शिजवू लागली. सकाळी तांदळातले खडे वेचायचे, दुपारी पातेली घासायची. गावातली माणसं म्हणाली, शिकून काय उपयोग, बघा. आणखी दोन घरं आपल्या पोरींची नावं कॉलेजात घालायची म्हणत होती, त्यांनी ती घातली नाहीत. भागवतने हेही ऐकलं. खेड्यातली बातमी त्याच्या बाकड्यावर आल्याशिवाय राहत नसे.

त्याची झोप उडाली वगैरे म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. फक्त टेबलावरचा तिसरा फोन वाजला की तो दचकायचा. अप्पा विचारायचे, "कुणाचं आलं?" आणि त्याला अप्पांचा राग यायचा.

पुन्हा जुलै आला. एके दिवशी सकाळी दारात शिवकन्या उभी. हातात प्लास्टिकची पिशवी, सोबत धाकटी बहीण मुक्ता. मुक्ता दहावी झाली होती, तिचं अकरावीला नाव घातलं होतं. शिवकन्या वाळली होती. बोटांवर चुलीचे चटके होते. पण केस नीट विंचरलेले होते आणि कागद एकावर एक व्यवस्थित लावलेले होते, सगळे चालू वर्षाचे.

"सर, हिचा फॉर्म भरायचाय," ती म्हणाली.

भागवतने कागद घेतले. नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. मोबाइल नंबरच्या रकान्याशी त्याची बोटं थांबली.

"तुमचाच टाका की, सर," शिवकन्या म्हणाली. "मागच्या खेपेला तुम्ही किती केलंत माझ्यासाठी. आई अजून नाव काढती तुमचं. आमच्याच नशिबात नव्हतं, त्याला तुम्ही तरी काय करणार."

ती हे मनापासून म्हणाली. टोमणा असता तर भागवतने सहज झेलला असता. पण ती खरंच त्याचे आभार मानत होती, आणि ते काही त्याला सहन होईना. बाकड्यावर पाच-सहा पोरं होती. अप्पा पायरीवर होते. भागवतने कीबोर्डवरचा हात काढला.

"शिवकन्या, तुझा फॉर्म परत आला होता."

तिला आधी नीट कळलंच नाही. "कवा?"

"डिसेंबरात. मंगळवारी. मेसेज माझ्या फोनवर आला होता."

"मग?"

"अकरा दिवसांची मुदत होती. मी तुला सांगितलं नाही."

बाकड्यावरच्या पोरांच्या माना वर झाल्या.

"काय मागितलं होतं?" शिवकन्याने विचारलं.

"नवीन दाखला. आणि आईची सही."

"आईची सही," ती म्हणाली. "आई शेंगा घेऊन आली होती तुमच्याकडं. ती मेसेजच्या आधी का नंतर?"

भागवतला खोटं बोलता आलं असतं. तेवढी सवय त्याला झाली होती. "नंतर," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी."

शिवकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पडू दिलं नाही. भागवत घाईघाईने बोलू लागला. चूक माझी आहे, मी लिहून देतो, तुझ्या कॉलेजात येतो, वरच्या साहेबांना भेटतो, पाया पडतो, काय म्हणशील ते करतो.

"पाया पडून आई आलीय," शिवकन्या म्हणाली. "आणि माझ्या जागेवर दुसरी मुलगी शिकतीय. तिला उठवायचं का आता?"

शिवकन्याने पिशवी जवळ ओढली.

"माझ्या वडिलांचा रिपोर्ट उशिरा आला होता, सर. त्यात कुणाचा दोष नव्हता. गाडी अडकली होती." ती एवढंच बोलली. टेबलावरचे कागद एकेक करून तिने परत पिशवीत ठेवले.

मुक्ता हळूच म्हणाली, "ताई, मग फॉर्म?"

"दुसरीकडं भरू. आईच्या फोनचा नंबर टाकू. आकडा आला की ती वाचून सांगेल. आकडे येतात आता तिला."

दोघी गेल्या. बाकड्यावरचं एक पोरगं उठलं, आपले कागद मागून घेतले आणि निघालं. मग दुसरं उठलं. कुणी भागवतला वाईट-साईट बोललं नाही. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

रामलिंगअप्पांनी पेपराची घडी घातली आणि पायरीवर ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"भागवत, मी बत्तीस वर्षं पत्रं वाटली," ते म्हणाले. "त्यातलं एकही माझं नव्हतं. एवढं मात्र मी कधी विसरलो नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते पेपर वाचायला आले नाहीत.

भागवतने पाटी खरवडून काढली. पण रंग जुना होता, लाकडात मुरलेला. अजूनही उन्हात उभं राहून बघितलं तर अक्षरं दिसतात. आता तो प्रत्येक पोराला त्याच्या घरचाच नंबर टाकायला लावतो, आणि ओटीपी चुकला तर पुन्हा मागवतो. वेळ लागतो. लोक म्हणतात, सर आता म्हातारे झाले, आणि पलीकडच्या दुकानात जातात. टाकळवाडीचं माणूस त्याच्याकडे येत नाही. तालुक्याला अजून रक्त तपासणारं कुणी नाही, नमुने जिल्ह्यालाच जातात. चारही जुने फोन त्याने बंद करून खणात टाकले आहेत. त्याच खणात डाव्या हाताने सही केलेलं ते हमीपत्र आहे. ते त्याला फाडताही येत नाही आणि कुणाला दाखवताही येत नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचा निरोप आपल्या हाती आला तर तो त्याच दिवशी पोचवावा, मग त्यात आपली चूक उघडी पडली तरी चालेल. मुदत संपल्यावर दिलेल्या कबुलीने सांगणाऱ्याचं ओझं उतरतं, ऐकणाऱ्याचं गेलेलं वर्ष परत येत नाही.